न उचललेल्या वजनाची सोय

‘रॅक’ म्हटलं की आपल्या घरांत भांड्यांचा रॅक आठवतो, फार तर पुस्तकांचा. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या आधी पांढुर्ण्याहून माझ्या वहिनीचा फोन आला आणि ‘ताई, तुमच्या भाच्याला रॅक पाहिजे, त्यावरून बापलेकांत बोलणं बंद झालंय,’ असं ती म्हणाली, तेव्हा शेजारी बसलेल्या आमच्या सासूबाईंना नवलच वाटलं. एका रॅकसाठी घरात अबोला? पण हा रॅक वेगळा होता. खांद्यावर वजन घेऊन बैठका मारायच्या, तर ते वजन आधी ठेवायचं कशावर आणि मारून झाल्यावर परत टेकवायचं कशावर, त्यासाठीचा हा लोखंडी सांगाडा. तालमीच्या भाषेत त्याला शब्द नाही, म्हणून मुलं रॅकच म्हणतात.

माझं माहेर पांढुर्ण्याचं, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. नव्यांसाठी सांगते. मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, नागपूरहून रेल्वेने इटारसीकडे जाताना हे गाव लागतं. घरात मराठी, शाळेत हिंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे वर्षातून एकदा गावाचं नाव पेपरात येतं, बाकीचं वर्ष संत्र्यांचं. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हा सीमेवरचं दुभाषी घर म्हणजे काय, हे मला इकडे लग्न होऊन येण्याआधीच माहीत होतं. तिथे दुसरी भाषा हिंदी होती, इथे कन्नड, एवढाच फरक.

भाच्याचं म्हणणं साधं होतं. दोन वर्षं तो गावातल्या जिममध्ये जातो. संध्याकाळी तिथे उभं राहायला जागा नसते, आणि संत्र्याच्या हंगामात त्याला संध्याकाळ मोकळी मिळत नाही. म्हणून पहाटे पाचला घरीच, मागच्या खोलीत, जिथे पूर्वी संत्र्यांचे क्रेट रचलेले असत तिथे व्यायाम करायचा. त्यासाठी त्याने सर्वांत स्वस्त वस्तू पसंत केली होती : दोन सुटे लोखंडी खांब, वर दोन आकडे. याला स्क्वॉट स्टँड म्हणतात. दादाचा आक्षेप पैशाचा होता. ‘दोन खांबाले एवढे पैसे काहून?’ वहिनीचा आक्षेप वेगळा होता आणि तिला तो नीट मांडता येत नव्हता. ‘एकटाच असतो हो ताई पहाटे,’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दुसरीकडे सौंसरला माझी थोरली बहीण. तिची पन्नाशी उलटली. हाडांची घनता मोजली तर कमी निघाली, आणि डॉक्टरांनी औषधांबरोबर वजनांचा व्यायाम सुरू करायला सांगितलं. भाऊजी बोरगावच्या कारखान्यात शिफ्टला, घरात ती आणि तिची शाळेत शिकवणारी मुलगी. मुलीला आईसाठी आणि स्वतःसाठी काहीतरी घरातच हवं होतं, आणि तिचा ओढा स्मिथ मशीनकडे होता. दोन्हीकडून एकच निरोप : तू कॉलेजात शिकवतेस, तू ठरव. मराठीत एम. ए. केल्याने लोखंडातलं कळतं अशी आमच्या माहेरी समजूत आहे! पण गेली सहा वर्षं मी आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात आठवड्यातून तीनदा वजनं उचलते आहे, आणि आमचे फिजिकल डायरेक्टर शंका विचारली की अर्धा तास सोडत नाहीत, ही माझी शिदोरी. दिवाळीच्या सुटीत पर्समध्ये मोजपट्टी टाकून निघाले.

निघण्याआधी एक प्रश्न मला छळत होता. आपल्याकडे ताकदीचा व्यायाम काही नवा नाही. इकडची गरडी मने, कोल्हापूर-सांगलीच्या तालमी, विदर्भातले आखाडे. पांढुर्ण्याहून फार लांब नसलेल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकाने जर्मनीत जाऊन भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवली. मध्य प्रदेशाने तर २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. मग एवढ्या परंपरेत रॅक का नाही?

उत्तर सोपं आहे, पण त्यातच सगळं आलं. जोर-बैठकांत वजन आपल्याच अंगाचं. मुद्गल, गदा, करेला हातात असतात, नाही पेलले तर बाजूला टाकता येतात. इकडे जत्रेत संग्राणी कल्लु उचलतात, तो दगड जमिनीवरून उचलायचा आणि जमिनीवरच टाकायचा. नाही उचलला गेला तर तो जागेवर राहतो, माणूस हात झटकून बाजूला होतो आणि लोक हसतात. झालं. आपल्या जुन्या साधनांत बहुतेक वेळा हरलेला माणूस वजनाच्या बाहेर असतो.

बारबेलच्या बैठकीत तो वजनाच्या खाली असतो. पायांची ताकद हातांपेक्षा कितीतरी जास्त. जे वजन पाय सहज पेलतात ते हातांनी जमिनीवरून खांद्यावर घेताच येत नाही. म्हणून ते आधीच खांद्याच्या उंचीवर टांगून ठेवावं लागतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत गाजलेला जर्मन पहिलवान हेन्री ‘मिलो’ स्टाइनबॉर्न बार एका टोकावर उभा करायचा, त्याच्याखाली वाकून तो तिरपा खांद्यावर घ्यायचा आणि मग बैठका मारायचा. आपल्या कर्नाटकात प्रा. के. व्ही. अय्यर यांनी बेंगळुरूमध्ये हर्क्युलस जिम्नॅशियम चालवून त्याच काळात बारबेलचे धडे दिले. हो, ‘शांतला’ ही कन्नड कादंबरी लिहिणारे तेच अय्यर. साहित्य शिकवणाऱ्या आम्हा लोकांना असं एखादं उदाहरण फार उपयोगी पडतं.

तेव्हा रॅकचं पहिलं काम वजन उंचीवर ठेवणं, हे खरंच. पण ते काम दोन खांबही करतात. खरा प्रश्न बैठकीत खाली गेल्यावर वर येता आलं नाही तर बार कुठे जाणार, हा आहे. बेंचवर आडवं होऊन छातीवरून बार ढकलताना हात थकले, तर तो गळ्यावर येणार की आणखी कशावर? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानात बिकानेरला १७ वर्षांची एक पॉवरलिफ्टर सरावात २७० किलोचा बार मानेवर पडून गेली. प्रशिक्षक तिथेच उभे होते. अडीच क्विंटलच्या वर लोखंड खाली यायला लागलं की मागे उभा असलेला माणूस, तो कितीही तयारीचा असो, काय करू शकणार? पडणारा बार झेलायचं काम लोखंडाचं, माणसाचं नव्हे. वहिनीला जे मांडता येत नव्हतं ते हेच होतं, आणि पांढुर्ण्याला पोचल्यावर मी दादाला पहिलं सांगितलं ते हे, की या सगळ्या वादात शहाणी वहिनीच आहे.

आता प्रकार. सुटे स्टँड सरसकट वाईट नाहीत. ऑलिम्पिक पद्धतीने वजन उचलणाऱ्यांना तेच बरे पडतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत एकाच दिवशी, ३० जुलैला, आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात रौप्य आणि कुंदापूरकडच्या गुरुराजा पुजारीने ६१ किलो गटात कांस्य मिळवलं. सरगरच्या कोपराला दुसऱ्या उचलीत दुखापत झाली, आणि बार सरळ फळीवर पडला. त्या खेळात बार टाकणं हा शिकण्याचा भाग असतो. प्लेटा रबराच्या, खाली लाकूड आणि रबर, आजूबाजूला मोकळी जागा, आणि खेळाडूला बार पुढे-मागे कसा सोडायचा याची वर्षानुवर्षांची सवय. हे सगळं असेल तर दोन खांब पुरेत. भाच्याजवळ होत्या बिडाच्या प्लेटा आणि खाली फरशी. मागे भिंत.

अर्धा रॅक, म्हणजे हाफ रॅक, याच्यात दोन खांब मागच्या चौकटीला जोडलेले असतात आणि पुढे दोन आडवे दांडे निघतात. बार पडला तर त्या दांड्यांवर. जागा कमी लागते, मागे प्लेटा लावून ठेवता येतात. पूर्ण रॅक, ज्याला मुलं पिंजरा म्हणतात, त्याला चार खांब. माणूस आत उभा राहतो आणि दोन्ही बाजूंना पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत आडव्या सळया. या दोहोंतला फरक दादाला समजावताना मला घराचंच उदाहरण सापडलं. हाफ रॅकचे दांडे म्हणजे छज्जा, एका बाजूनेच धरलेला. पिंजऱ्याच्या सळया म्हणजे तुळई, दोन्ही टोकांना आधार. छज्जाही वजन पेलतो, पण टोकाशी पडलेल्या वजनाने सगळा रॅक पुढे झुकू पाहतो, म्हणून त्याचे पाय पुढपर्यंत लांब हवेत आणि मागे प्लेटांचं वजन हवं. तुळईला ती भानगड नाही. दादाने आयुष्यात दोन घरं बांधली आहेत. त्याला हे अर्ध्या मिनिटात पटलं. ‘मंग पिंजराच घे ना बाप्पा, आधी काहून नाही सांगितलं?’ भाचा माझ्याकडे बघत राहिला.

पण एवढ्याने भागत नाही. आम्ही खोली मोजायला गेलो, आणि खोली मोजताना लोक रॅक मोजतात. मोजायचा असतो बार. पुरुषांचा ऑलिम्पिक बार २.२ मीटर लांब, म्हणजे सव्वासात फुटांच्या आसपास, आणि वजन २० किलो. त्याच्या दोन्ही टोकांना प्लेटा सरकवायच्या तर माणसाला उभं राहायला बाजूला दीड-दीड फूट तरी हवा. झाले दहा फूट. रॅक चार फुटी असो की पाच फुटी, पिंजरा असो की स्टँड, हे दहा फूट चुकत नाहीत. मागची खोली नऊ बाय अकरा. म्हणजे बार अकराच्या बाजूनेच पडणार, दार उघडायचं राहिलं तरी चालेल. वर कवेलूचं छप्पर, एका बाजूला उंच, दुसरीकडे उतरतं. पिंजरे साधारण सात फुटी येतात. तो मावला, पण फक्त उंच बाजूला. डोक्यावर बार नेण्याचा व्यायाम आत होणार नाही. साडेपाच-पावणेसहा फुटांच्या माणसाने हात वर केले, त्यावर प्लेटेची अर्धी उंची धरली, की आठ फूट मोकळे लागतात. तो व्यायाम अंगणात करायचा, असं ठरलं. चाळीस वर्षांपूर्वी त्याच अंगणात आमचे काका मुद्गल फिरवत असत.

खरी अडचण निघाली रॉडची. भाच्याजवळ एक पाच फुटी रॉड होता, बारीक, एक इंची. आपल्याकडे घरोघरी पलंगाखाली असतो तसाच. तो चार फुटी पिंजऱ्यावर बसेचना, कारण मधला दांडा दोन खांबांच्या पलीकडे जाऊन वर प्लेटांना जागा उरायला हवी. ऑलिम्पिक बारचा मधला भाग १.३१ मीटर असतो, तो बसतो. पण त्याची टोकं ५० मिलिमीटर जाडीची, म्हणजे जुन्या बारीक भोकाच्या प्लेटा त्यावर चढत नाहीत. थोडक्यात, रॅक घेतला की बार आला आणि बार आला की प्लेटा आल्या. हे आधी धरायला हवं. दुकानदार हे सांगत नाही असं नाही, पण ते शेवटी सांगतो. दादाचा चेहरा पुन्हा उतरला. शेवटी तोडगा निघाला तो असा की पिंजरा आणि बार आता, प्लेटा लागतील तशा. महिन्याला अडीच किलोची एक जोडी वाढली तरी चोवीस वर्षांच्या मुलाला पुष्कळ झालं.

पिंजरा विकतचा घ्यायचा की गावात बनवून? आपल्याकडे खेळाचं साहित्य मेरठ आणि जालंधरहून येतं, आणि रॅकची वाहतूकच भारी पडते. पांढुर्ण्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, ग्रिल बनवणारे वेल्डर हाताला चांगले आहेत. बनवून घ्यायला माझी हरकत नाही. फक्त गेट आणि पिंजरा यांत फरक आहे, तो वेल्डरला आधी सांगावा लागतो. गेटवर कुणी दीड क्विंटल आदळत नाही. खांबांना चौकोनी पाइप, भिंत तीन मिलिमीटर जाडीची असली तर उत्तम. दोन मिलिमीटरचा चालतो, पण हलक्या वजनालाच. चारही खांबांची भोकं एकत्र बांधून एका दमात पाडायची. वेगवेगळी पाडली की एका बाजूचा आकडा चार-पाच मिलिमीटर वर येतो, बार तिरपा बसतो, आणि ते कळतही नाही. बार झेलणाऱ्या सळया भरीव हव्यात, पोकळ पाइप नकोत, आणि त्या खांबाच्या आरपार जाऊन पलीकडे बोटभर बाहेर निघायला हव्यात. आकड्याला पुढे ओठ हवा, बार ठेवताना तो घरंगळू नये इतका उंच, पण उचलताना टाचा वर कराव्या लागू नयेत इतका बेताचा. आकडा खांबाला वेल्ड करू द्यायचा नाही. तो खालीवर करता आला पाहिजे. आमच्या वेल्डरने एक चांगली सूचना केली, आकड्यात सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा बसवायची. त्याने बार घासत नाही आणि पहाटे पाचला ठणठणाटही होत नाही.

मग सळया कुठल्या भोकात लावायच्या, ते. यात अंदाज चालत नाही. रिकामा बार घेऊन सर्वांत खालच्या बैठकीपर्यंत जायचं, दुसऱ्याने बारची उंची बघायची, आणि त्याच्या इंचभर खालचं भोक धरायचं. फार वर लावल्या तर प्रत्येक बैठकीत बार आपटतो, मुलं वैतागून काढून टाकतात. फार खाली लावल्या तर त्यांचा उपयोग, बार मानेवरून घसरून माणूस दुमडल्यानंतर. बेंचसाठी मोजमाप वेगळं : छाती फुगवलेली असताना बार छातीला टेकला पाहिजे, आणि छाती सैल सोडली की तो सळयांवर बसला पाहिजे, गळ्याच्या वर. आणि मुद्दाम एकदा, हलक्या वजनावर, हरून बघायचं. खाली जायचं, वर यायचंच नाही, बार सळयांवर सोडून पुढून सरपटत बाहेर यायचं. भाच्याला हे करायला लाज वाटत होती. दादा म्हणाला, ‘कर न, मी पाहून राहिलो.’ तीन आठवड्यांनंतर बापलेकांत झालेलं हे पहिलं संभाषण असं वहिनीने मला नंतर सांगितलं. फोनवर आमच्या घरून यांनी भाच्याला एकच शब्द सांगितला, ‘जोपान’. कन्नडमधला हा शब्द त्याला न सांगता कळला. आपलं जोपासणं, जपणं त्याच्या जवळचंच.

सौंसरला जाताना वाटेत जामसावळीला थांबले. तिथला मारुती निजलेला आहे. ताकदीची मुलं त्याच्या दर्शनाला रांगा लावतात, आणि रोज सातही दिवस व्यायाम करून गुडघे दुखवून घेतात. देवाकडे बघून तरी एखादा दिवस विश्रांती घ्यावी.

ताईचं घर पहिल्या मजल्यावर, भाड्याचं, स्लॅबचं. तिथे प्रश्न उंचीचा नव्हता, खाली राहणाऱ्या कुटुंबाचा होता. मुलीला हवं असलेलं स्मिथ मशीन म्हणजे रुळांत बसवलेला बार. तो सरळ वरखालीच जातो आणि मनगट फिरवलं की आकड्यात अडकतो. घाबरणाऱ्या माणसाला धीर येतो हे खरं. पण तोल रुळांनी सांभाळलेला असतो, आपल्या अंगाने नव्हे. ताईला भीती आहे पडण्याची, बाथरूममध्ये, जिन्यात. तोल सावरायचं कामच मशीनने केलं तर ताई काय शिकणार? शिवाय ते अवजड, जिन्यातून वर चढवायला चार माणसं, आणि घर बदललं की पुन्हा चार. मी नको म्हटलं. भिंतीला बसवून दुमडता येणारा रॅकही मुलीने पाहून ठेवला होता. जागेच्या दृष्टीने फार सोयीचा, पण त्याचं सगळं वजन भिंतीच्या बोल्टांवर. काँक्रीट किंवा नऊ इंची पक्की विटांची भिंत असेल तरच. त्यांच्या खोलीतली मोकळी भिंत होती साडेचार इंची आडोशाची, आणि भाड्याच्या घरात ड्रिल मारायला घरमालकाची परवानगी. तो विषय तिथेच संपला. पांढुर्ण्याच्या मातीच्या भिंतीला तर याचं नावही काढू नये.

ताईसाठी मी जे वाचलं होतं ते तिला सांगितलं. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्यांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास खरोखर जड वजनं उचलली : बैठक, जमिनीवरून उचल, डोक्यावर उचल. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी सुमारे तीन टक्क्यांनी वाढली, हलका घरगुती व्यायाम करणाऱ्यांची थोडी घटली. ताईचे डोळे चमकले. पण त्या बायका प्रशिक्षकाच्या नजरेखाली उचलत होत्या, आणि जड वजनावर त्या हळूहळू आल्या. ताईने त्या दिवशी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठून दाखवलं, आठव्याला थांबून. तिला रॅकची गरज तेव्हा नव्हतीच. आधी डॉक्टर, मग नागपूरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे चार वेळा जाऊन पद्धत शिकणं, मग खुर्ची, मग छातीशी धरलेला एक डंबेल. हातात धरलेलं वजन नाही जमलं तर खाली ठेवता येतं, संग्राणी कल्लुसारखं. चार-सहा महिने त्यातच गेले.

या उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा गेले तेव्हा सौंसरला हाफ रॅक आला होता. बुटका, माणसाच्या उंचीचा, पाय लांब, मागे प्लेटांचं वजन, खाली रबरी चटया दोन थर. बार स्त्रियांचा, १५ किलोचा, २५ मिलिमीटर जाडीचा, ताईच्या मुठीत नीट बसणारा. ताईची त्यावरची अजून फक्त सुरुवात आहे, रिकाम्या बारवर. घेताना मायलेकींनी एक परीक्षा लावली होती, ती मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. दुकानात ताईने आकडे आणि दांडे स्वतःच्या हाताने काढून वेगळ्या भोकात बसवून बघितले. एका रॅकची खीळ तिच्या दुखऱ्या बोटांनी ओढवेना, तो तिने तिथेच नाकारला. दुकानदार म्हणाला, एकदा लावलं की कोण बदलतं? पण ताई चार फूट अकरा इंच आणि मुलगी पाच फूट पाच. रोज बदलावं लागतं. बदलायला जड गेलं की आई मुलीच्याच उंचीवर उचलायला लागणार, टाचा वर करून.

घरी आल्यावर ताईने खांबांवर तिच्या भोकांना लाल नेलपॉलिश लावलं आणि मुलीच्या भोकांना गुलाबी. वरचा ठिपका आकड्याचा, खालचा झेलणाऱ्या दांड्याचा. दोन्ही खांबांवर, दोन्ही बाजूंना. भाऊजींचा रंग अजून ठरलेला नाही. शिफ्ट संपवून आले की ते चटईवर झोपतात.